श्रवणाची आवड आणि कानांतील यंत्र

मुंबई आणि बीड हीं दोन्ही शहरें जवळजवळ एकाच अक्षांशावर वसलेलीं आहेत, आणि त्यांच्यांतील सरळ रेषेचें अंतर सुमारें ३०० किलोमीटर भरतें. ता. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या नभोवाणीकेंद्राचें उद्घाटन झालें, त्या वेळीं तेथील प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅट शक्तीचा होता. त्याचा आवाज साध्या यंत्रावर भरंवशानें ऐकूं येई तो ३० मैलांच्या आंत. म्हणजे कल्याणच्या आसपास त्याची मजल संपे. घाट चढून, अहमदनगर ओलांडून, निजामाच्या राज्यांतील बिंदुसरेच्या कांठापर्यंत तो पोंचावा, अशी अपेक्षाहि कोणी केली नसेल.

आज त्याच बीडच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणांच्या कानांत बोराएवढीं यंत्रें बसविलेलीं दिसतात, आणि आवाज येतो कीं नाहीं हा प्रश्न मागें पडून तो कसा यावा हा प्रश्न पुढें आला आहे. कोणास खर्ज हवा असतो, कोणास टाळांचा खणखणाट, तर कोणास केवळ बोलणाऱ्याचा शब्द. हा पालट कसकसा घडला आणि आपल्या आवडीस जुळेल असें यंत्र निवडण्याची सोय लोकांस कोणत्या वाटेनें लाभली, याचा इतिहास मनोरंजक आहे. त्यांत कानांच्या आरोग्याचाहि प्रश्न गुंतलेला असल्यामुळें तो केवळ मनोरंजक नाहीं.

कानाशीं यंत्र लावून दूरचें संगीत ऐकण्याची कल्पना नभोवाणीहून जुनी आहे. इ. स. १८८१ मध्यें पॅरिस येथें विजेचें प्रदर्शन भरलें, त्यांत क्लेमां आदेर या एंजिनियरानें ऑपेरागृहांतील गायन टेलिफोनच्या तारांनीं प्रदर्शनाच्या दालनांत आणलें. प्रत्येक श्रोत्यास दोन ग्राहक देण्यांत येत, एक डाव्या कानास व एक उजव्या. त्यामुळें नट रंगभूमीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगास चालला तर तें डोळे मिटूनहि कळे. हें नवल अनुभवण्यास लोकांच्या रांगा लागल्या. पुढील वर्षीं, १८८२ च्या जानेवारींत, मुंबईसहि टेलिफोनचें केंद्र उघडलें; पण तेथें गाणें नव्हतें, व्यापाराचीं बोलणीं होतीं. १८९१ सालीं अर्नेस्ट मर्काडिए या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानें एका जोडग्राहकाचें पेटंट घेतलें. त्याचें वजन पावणेदोन औंसांहून कमी होतें, आणि तो कानावर न ठेवतां कानाच्या भोंकांत बसवावयाचा होता. भोंकास खुपूं नये व बाहेरचा गलबला आंत येऊं नये, म्हणून त्यास रबराचें टोंपण लावावें, असें त्यानें पेटंटांत नमूद केलें. आज दुकानांत यंत्राबरोबर लहान, मध्यम व मोठीं अशीं रबरी टोंपणें मिळतात, त्यांचा मूळपुरुष हाच.

अमेरिकेंतील युटा प्रांतांत राहणाऱ्या नॅथॅनिअल बाल्डविन याची कथा त्याहून विलक्षण. १९१० च्या सुमारास त्यानें घरींच हेडफोन बनवून त्याचा नमुना अमेरिकन आरमाराकडे धाडिला. आरमारास तो पसंत पडला व मोठी मागणी आली. परंतु कारखाना म्हणजे घरचें स्वयंपाकघर, तेव्हां एका खेपेस दहाहून अधिक देणें त्यास शक्य नव्हतें. त्याच्या रचनेंत लोखंडाची एक लहानशी पट्टी चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली असे, आणि ती हलली कीं तिला जोडलेला अभ्रकाचा पडदा हाले. या तोललेल्या पट्टीकडे श्रोत्यांनीं ध्यान द्यावें. ऐंशी वर्षांनीं ती पुन्हां भेटणार आहे.

मुंबईच्या पहिल्या श्रोत्यांत स्फटिकयंत्र बाळगणारे पुष्कळ होते. या यंत्रास वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. गच्चीवर ताणलेली एक लांब तार, नळास जोडलेली दुसरी, शिशाच्या खनिजाचा एक खडा आणि त्यावर टेंकविलेली केसासारखी बारीक तार, एवढ्या साहित्यावर लहरींतील आवाज वेगळा निघे. पण तो इतका क्षीण असे कीं हेडफोन कानांवर दाबून बसल्याखेरीज गत्यंतर नव्हतें. घरांत माणसें आठ आणि हेडफोन एक, अशी स्थिति असली, तर तो मोठ्या भांड्यांत ठेवून सर्वांनीं भोंवतीं कान लावावेत, अशी युक्ति त्या काळीं देशोदेशीं रूढ होती. परवान्याची फी वर्षास १० रुपये होती, आणि १९२७ च्या अखेरीस साऱ्या हिंदुस्थानांत परवाने होते ३,५९४. त्या हेडफोनांतील लोखंडी पडदा मधल्या पट्टीचे स्वर तेवढे उचली. मृदंगाचा घुमारा त्यांत नव्हता आणि तंबोऱ्याचा झणत्कारहि नव्हता. परंतु आपणांस कोणत्या जातीचा आवाज आवडतो, असें त्या श्रोत्यास कोणी विचारलें असतें तर त्याला प्रश्नच कळला नसता. ऐकूं आलें हाच चमत्कार होता.

बीड हें त्या काळीं हैदराबाद संस्थानांत मोडे. हैदराबादेस एक खाजगी केंद्र निघालें होतें. तें १९३५ सालीं निजाम सरकारनें आपल्या हातीं घेतलें. त्याचा मुख्य व्यवहार उर्दूंत चाले. बीड, मोमिनाबाद म्हणजे आजची अंबाजोगाई, अशा ठिकाणीं वाल्वचें यंत्र ही मोजक्या घरांची वस्तु होती. या वाल्वच्या यंत्रानें एक उघड फरक केला: आवाज पेटींतील ध्वनिवर्धकांतून खोलीभर येऊं लागला आणि हेडफोन खुंटीवर गेला. दुसरा फरक दिसण्यांत लहान होता, पण प्रस्तुत इतिहासांत तोच मोठा. पेटीच्या तोंडावर एक जादा कळ आली. ती एका अंगास फिरविली कीं आवाज मऊ व गोल होई, दुसऱ्या अंगास फिरविली कीं तेजस्वी व टोंकदार. श्रोत्याची आवड नांवाची गोष्ट यंत्राच्या रचनेंत प्रथम शिरली ती या कळीच्या रूपानें. अर्थात् प्रत्येक वेळीं ती कळ महत्त्वाची ठरते असें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाच्या फौजांनीं शस्त्रें खालीं ठेवल्याची वार्ता हैदराबादच्या नभोवाणीवरून जाहीर झाली, तेव्हां मराठवाड्यांतील कोणीहि श्रोता खर्ज कमी पडतो म्हणून ती फिरवीत बसला नसेल.

याच सुमारास शास्त्रज्ञांनींहि कानाची परीक्षा चालविली होती. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनीं १९३३ सालीं असें दाखवून दिलें कीं, मानवी कान सर्व स्वरांस सारखा न्याय देत नाहीं. आवाज हळू असला कीं खालचे स्वर त्याला फारच कमी ऐकूं येतात. आवाज वाढविला कीं तेच स्वर भराभर वर येतात. कोणत्याहि यंत्राचा आवाज वाढवितांच तें अधिक भरदार व चांगलें वाटूं लागतें, त्याचें एक मोठें कारण हेंच. दोन यंत्रांची तुलना करणाऱ्यानें दोन्हींचा आवाज प्रथम समान करून घ्यावा, नाहीं तर जें जरा मोठ्यानें वाजतें तेंच चांगलें असा निवाडा कान देऊन बसतो. विक्रेत्यांस ही गोष्ट ठाऊक असते. गिऱ्हाइकांस क्वचित् असते.

आवाजाच्या गुणांस नांवें देण्याची विद्या मात्र महाराष्ट्रास पाश्चात्त्यांकडून घ्यावी लागली नाहीं. मिरजेचे तंबोरा करणारे कारागीर तारेखालीं दोरा सरकवून जवारी लावतात, ती गवयाच्या गळ्यास व आवडीस पाहून. कोणास खुली जवारी रुचते, कोणास गोल व मिटलेली. खुद्द अंबाजोगाईंत दासोपंतांनीं (१५५१–१६१५) निरनिराळ्या रागांत पदें रचिलीं. बीड जिल्ह्यांतील सप्ताहांत आजहि ज्याचा कान तयार होतो, तो शाळेंत न जातां आवाजाचे तीन मजले ओळखूं लागतो. पखवाजाच्या डाव्या तोंडास ओली कणीक लावतात, त्यामुळें त्याचा नाद खालीं उतरून घुमतो. तो पहिला मजला. वीणा आणि गाणाऱ्याचा गळा हा दुसरा. टाळांचा नाद सेकंदास कित्येक हजार कंपनांचा, तो तिसरा. हेडफोनांच्या जाहिरातींत बेस, मिड आणि ट्रेबल असे जे शब्द भिरभिरत असतात, त्यांचा अर्थ याहून अधिक गहन नाहीं.

मग हा तयार कान बिघडला कोठें? त्याचें उत्तर कर्ण्यांत आहे. देवळाच्या शिखरावर किंवा मांडवाच्या खांबावर बांधलेला पत्र्याचा कर्णा दूरवर ऐकूं जातो खरा. पण पखवाजाचा घुमारा त्याच्या तोंडांतून बाहेर पडूं शकत नाहीं, आणि टाळ त्यांतून कर्कश होऊन येतात. गांवोगांवच्या श्रोत्यांनीं कित्येक वर्षें भजन या रीतीनें ऐकलें. त्यानंतर १९८० च्या दशकांत स्वस्त कॅसेटी आल्या, आणि त्यांच्यामागून जीप व ट्रॅक्टरवरील टेप आले. येथें उलट प्रकार झाला. कर्ण्यानें जो खर्ज कित्येक वर्षें हिरावून घेतला होता, त्याचा वचपा काढावा अशा आवेशानें टेपवाल्यांनीं तो वाढविला. बीडचा तरुण आज इयरफोन घेतांना प्रथम बेस किती आहे असें विचारतो, त्यांत त्याला हंसण्याचें कारण नाहीं. त्याच्या मागील पिढीच्या कानांस जें मिळालें नाहीं तें तो मागत आहे.

दरम्यान हेडफोन खुंटीवरून उतरला होता. खेडोपाडीं वीज पोंचण्यापूर्वींच मराठवाड्यांत ट्रॅन्झिस्टर पोंचला. १९५७ मध्यें विविध भारती सुरू झाली, १९६८ मध्यें परभणीस आकाशवाणीचें केंद्र निघालें. आणि ट्रॅन्झिस्टरच्या कातडी पिशवींत कांहीं वेळां एका कानांत घालावयाचा लहानसा इयरफोन असे. त्याचा आवाज कागदासारखा पातळ होता. रात्रीं इतरांची झोंप न मोडतां बातम्या ऐकणें एवढेंच त्याचें काम. अमेरिकेंत १९५८ सालीं जॉन कॉस यानें दोन्ही कानांस स्वतंत्र ध्वनि देणारा हेडफोन संगीतासाठीं म्हणून विकण्यास काढला. १ जुलै १९७९ रोजीं जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन बाजारांत आला, आणि संगीत माणसाबरोबर चालूं लागलें. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठीं दोन छिद्रें होतीं, दोघांनीं मिळून ऐकावें म्हणून. कांहीं काळानें दुसरें छिद्र नाहींसें झालें. ऐकणें ही एकट्याची गोष्ट झाली, याचा याहून बोलका पुरावा शोधून सांपडणार नाहीं.

कानाच्या आंत खोल बसणाऱ्या यंत्रास खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९९१ सालीं, आणि ती बहिऱ्यांच्या यंत्रामुळें मिळाली ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे पंडित. त्यांच्या एटिमॉटिक रिसर्च या संस्थेनें ईआर-४ नांवाचे इयरफोन काढले, त्यांत श्रवणसाहाय्यक यंत्रांतील चिमुकली तोललेली पट्टी वापरली होती. बाल्डविनच्या स्वयंपाकघरांतील कल्पना ती हीच. किलियन यांचा विचार असा: मनुष्याची कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि बासरीप्रमाणें ती स्वतःच एका पट्टीस, सेकंदास सुमारें ३,००० कंपनांच्या जवळपास, आवाज फुगविते. तिच्यांत बूच घातलें कीं हा नैसर्गिक फुगवटा बिघडतो. तो यंत्रानें परत द्यावा, म्हणजे पडद्यावर जें पडेल तें मोकळ्या कानानें ऐकल्यासारखें होईल. शब्दांचा स्पष्टपणा बराचसा याच भागांत असतो, म्हणून ज्याला व्याख्यानें व बातम्या ऐकावयाच्या आहेत त्यानें हा भाग दबलेलें यंत्र घेऊं नये. प्रत्येकाची नळी निराळी असल्यामुळें एकच यंत्र दोन भावांस दोन प्रकारचें वाटतें. १९९५ मध्यें जेरी हार्वे यांनीं ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठीं कानाच्या सांच्याबरहुकूम यंत्रें घडविलीं, आणि अल्टिमेट इयर्स ही कंपनी निघाली. रंगमंचावरील गोंगाटांत स्वतःचा आवाज हळू व स्वच्छ ऐकूं यावा, हा त्यांतील हेतु होता.

यानंतरची गति फार जलद आहे. मोबाइल आला, आणि इयरफोन ही चैनीची वस्तु न राहतां पेटीबरोबर फुकट येणारी दोरी झाली. बीडला आकाशवाणीचें केंद्र १०२.९ मेगाहर्ट्झवर एफ. एम. पद्धतीनें सुरू झालें, तें साध्या मोबाइलवर ऐकावयाचें तर इयरफोन जोडावाच लागे, कारण त्याची तारच आकाशांतील लहरी पकडण्याचें काम करी. १९२७ सालच्या मुंबईकराची गच्चीवरची तार बीडच्या मजुराच्या गळ्यांत येऊन पडली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. बिनतारी यंत्रें आल्यावर ही सोय गेली.

आवडीचा प्रश्न शास्त्रानें हातीं घेतला तो मात्र अलीकडे, २०१२ च्या सुमारास. हर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेंत शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनीं निरनिराळ्या वयांच्या श्रोत्यांस यंत्राचें नांव न सांगतां आवाज ऐकविले. चांगल्या खोलींत चांगला ध्वनिवर्धक जसा वाजतो, त्या धर्तीचा, किंचित् खर्ज वाढविलेला आवाज बहुसंख्यांनीं पसंत केला. एका लहान गटास त्याहून अधिक खर्ज हवा होता, आणि दुसऱ्या गटास, ज्यांत प्रौढ माणसें अधिक होतीं, कमी. हे प्रयोग पाश्चात्त्य गीतांवर झालेले आहेत. टाळमृदंगावर वाढलेल्या कानांस त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणें साहसाचें होईल. तथापि बहुसंख्यांची आवड एक असली तरी सर्वांची एक नसते, एवढें त्यांतून सिद्ध झालें. दुकानदार सांगतो तो अमुक यंत्राचा मोठेपणा त्यामुळें अर्ध्यावर येतो.

निवड करणाऱ्यानें प्रथम आवाज पाहूंच नये, बैठक पाहावी. रबरी टोंपण नळींत नीट बसलें कीं स्वतःचें बोलणें घागरींत बोलल्यासारखें घुमूं लागतें. तसें झालें नाहीं तर फट राहिली आहे असें समजावें. फटींतून खर्ज निसटून जातो, आणि मग गिऱ्हाईक यंत्रास नांवें ठेवतो. चार रुपयांचें टोंपण बदलल्यानें जें साधतें, त्यासाठीं हजारों रुपयांचें यंत्र बदलणारे कांहीं थोडे नाहींत. त्यानंतर शंभर वेळां ऐकलेला एखादा अभंग लावावा. परीक्षेसाठीं अनोळखी गाणें कुचकामाचें. पखवाजाची थाप गोल येऊन लगेच सरते कीं गाणाऱ्याच्या शब्दांवर चिखलासारखी पसरते, हें पाहावें. टाळ वेगवेगळे ऐकूं येतात कीं सुईसारखे टोंचतात, हें पाहावें. दहा मिनिटांत टोंचणारा टाळ दोन तासांनीं डोकें उठवितो. उतारवयांत वरचे स्वर मंदावतात, म्हणून मुलाला जें कर्कश वाटतें तेंच वडिलांस स्वच्छ वाटण्याचा संभव असतो; एकमेकांसाठीं यंत्र विकत घेणाऱ्यांनीं हें विसरूं नये. शेवटीं आवाज अगदीं कमी करून ऐकावें. कमी आवाजांतहि जें गोड लागतें तें घ्यावें.

या शेवटल्या परीक्षेस केवळ रसिकतेचें कारण नाहीं. अंतःकर्णांत केसासारख्या सुमारें १५ हजार पेशी असतात, त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जें प्रमाण ठरविलें, त्यांत प्रौढास ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यास ४० तास, आणि मुलांस ७५ डेसिबेलचा तितकाच वेळ, अशी मर्यादा घातली आहे. आवाज तीन डेसिबेलांनीं वाढला कीं वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला दहा, ८९ ला पांच. एस. टी.च्या घरघराटांत उघड्या बैठकीचा इयरफोन घालणारा माणूस गाडीवर मात करण्यासाठीं आवाज चढवीत जातो, आणि बीडहून पुण्यास पोंचेपर्यंत आठवड्याचा सारा शिधा खाऊन बसतो. नीट बसणारें टोंपण बाहेरचा गलबला अडवितें, त्यामुळें आंतला आवाज कमी ठेवतां येतो. मर्काडिएचें रबर येथें औषधाचें काम करतें.

पण त्याच रबरांत दुसरा धोका दडलेला आहे. दसरा झाला कीं जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. रात्रीं-पहाटे ऊसानें भरलेल्या ट्रॅक्टरांच्या व बैलगाड्यांच्या कडेनें चालणें त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो. दोन्ही कान बुजविलेल्या माणसास मागून येणारें वाहन ऐकूं येत नाहीं. महागड्या यंत्रांत बाहेरचा आवाज हवा तेव्हां आंत सोडण्याची सोय असते. स्वस्तांत ती बहुधा नसते. तेथें एकच तोड उरते, ती म्हणजे रस्त्यावर एक कान मोकळा ठेवणें आणि दुसऱ्यांतला आवाज न वाढवितां गाणें ऐकणें, ट्रॅन्झिस्टरच्या पिशवींतील त्या एकुलत्या इयरफोनानें पूर्वीं ऐकत असत तसें.